घडीव म्हणून गळ्यात मारलेले ओतीव ब्लेड: वापरलेला गोल्फचा आयर्न संच घेण्याआधी हे वाचा

ब्लेड आयर्न म्हणजे धातूच्या डोक्याच्या गोल्फ क्लबांमधला (काठ्यांमधला) छोट्या, भरीव हेडचा प्रकार. त्याच्या व्यवहारातली फसवणूक लवकर उघडकीला येत नाही. त्याचं कारण ब्लेडच्या स्वभावातच आहे. हेड छोटं, सोल (हेडची खालची बाजू) अरुंद, आणि चेंडू मधोमध लागला नाही की हाताला झिणझिण्या येतात, अंतरही कमी होतं. खऱ्या ब्लेडचंही हेच होतं. त्यामुळे बनावट संच घेतलेला खेळाडू दोन-तीन महिने आपल्या स्विंगलाच दोष देत बसतो. विकणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं: "ब्लेड आहे सर, हात बसायला वेळ लागतो." हात बसत नाही, आणि तोवर त्याचा फोन लागेनासा झालेला असतो.

नेमकं काय विकलं जातं ते आधी समजून घेऊ. खरा फोर्ज्ड म्हणजे घडीव ब्लेड मऊ कार्बन पोलादाचा असतो. १०२०, १०२५, एस२०सी ही त्याची नेहमीची नावं, आणि त्यातला कार्बन ०.२ ते ०.२५ टक्क्यांच्या आसपास. तापवलेला दांडा साच्यात घणाखाली ठोकून हेडचा आकार देतात, मग घासून वजनाला आणतात आणि वर निकेल-क्रोमचा मुलामा चढवतात. जपानमधलं हिमेजी आणि हिरोशिमा ही या कामाची नावाजलेली ठिकाणं. ओतीव हेड म्हणजे १७-४ किंवा ४३१ जातीचं स्टेनलेस वितळवून साच्यात ओतलेलं. पुण्या-कोल्हापूरकडे फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हा फरक वेगळा सांगायला नको. ओतीव आयर्न वाईट नसतात, उत्तम आयर्न ओतीवही असतात. फसवणूक आहे ती ओतीव माल घडीवच्या भावाने विकण्यात. त्याहून वाईट प्रकार जस्ताच्या मिश्रधातूचा, आणि तो धोकादायकही आहे.

लोक लोहचुंबक घेऊन जातात आणि तो चिकटला की निर्धास्त होतात. इथेच बरेच जण फसतात. कार्बन पोलादाला चुंबक चिकटतो, तसाच १७-४ आणि ४३१ स्टेनलेसलाही चिकटतो. चुंबकाने फक्त जस्ताचं हेड पकडता येतं, आणि तेही आत लोखंडी तुकडा घातलेला नसेल तरच. आवाजावरही जाऊ नका. ग्रिप (हाताची पकड), शाफ्ट (क्लबचा दांडा) आणि चेंडू बदलला तरी आवाज बदलतो.

भरवसा ठेवावा तो काट्यावर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आयर्नचा क्रमांक वाढतो तसा क्लब आखूड आणि हेड जड होतं. स्टील शाफ्टच्या संचात हेडचं वजन प्रत्येक क्रमांकाला साधारण ७ ग्रॅमने वाढत जातं: ५ आयर्न २५६च्या आसपास, ७ आयर्न २७०, पिचिंग वेज (९ नंतरचा क्लब) २८७-२९०. हेड न काढताही हा क्रम दिसतो. १३० ग्रॅमच्या जातीचा जड शाफ्ट असेल तर अख्खा ५ आयर्न ४३० ग्रॅमच्या जवळ, ७ आयर्न ४४०च्या जवळ आणि वेज ४५५ ते ४६० भरतो. शाफ्ट हलका असेल तर आकडे खाली येतात, पण चढण तशीच राहते. शाफ्ट आखूड होत जातो, म्हणून अख्खा क्लब प्रत्येक क्रमांकाला ५-६ ग्रॅमने जड होत गेला पाहिजे. ६ आयर्न ४४६ आणि ७ आयर्न ४३३ असे आकडे दिसले, तर बाकी काही न बघता संच परत करावा.

जस्ताच्या मिश्रधातूची घनता पोलादाच्या सुमारे ८४ टक्के. म्हणजे २७० ग्रॅमचं हेड त्याच मापात जस्ताचं केलं तर २२७ ग्रॅमचं होईल. उरलेले चाळीसेक ग्रॅम कुठून आणायचे? एक तर सोल जाड करायचा, नाही तर होझलच्या (हेडमध्ये शाफ्ट बसतो त्या नळीच्या) तळाशी शिसं भरायचं. असा एक संच उघडला तेव्हा ८ आयर्नच्या शाफ्टच्या टोकात शिशाची भुकटी निघाली. ती गोंदात नीट बसलीही नव्हती, क्लब कानाशी हलवला की खुळखुळत होती. त्याच संचातला ९ आयर्न होझलशी तुटला होता. तुटलेली जागा राखाडी, रवाळ, मोडलेल्या खडूसारखी, आणि आत टाचणीच्या डोक्याएवढे हवेचे पोकळ फुगे. मऊ कार्बन पोलाद असं तुटत नाही, ते वाकतं. स्विंग पूर्ण वेगात असताना हेड निखळून उडालं तर शेजारी उभ्या असलेल्या, बॅग वाहणाऱ्या कॅडीचं काय होईल, याचा विचार करा.

स्टेनलेसवाला नकली संच ओळखायला जास्त अवघड, कारण वजन तिथे बरोबर जमवता येतं. त्यासाठी लॉफ्ट (हेडच्या तोंडाचा कल) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) मोजायचं व वाकवायचं यंत्र असलेल्या कारागिराकडे जा. पारंपरिक ब्लेडमध्ये ७ आयर्नचा लॉफ्ट ३४ ते ३५ अंश असतो आणि शेजारच्या क्लबांत साधारण ३ ते ४ अंशांचं अंतर. नकली संचात ७ आणि ८मध्ये दोनच अंश, तर ८ आणि ९मध्ये सहा, असं सापडतं. मग दोन क्लब एकाच अंतराला जातात आणि पुढे मोठी फट पडते. घडीव हेड यंत्रावर एक-दोन अंश सहज वाकतं आणि वाकवलं तिथेच राहतं. १७-४चं हेड हट्टाने मागे येतं, नाही तर तडकतं.

संच घेऊन झाला असेल आणि शंका फिटत नसेल, तर एक हेड तापवून काढून घ्या. मुलामा नसलेल्या होझलच्या आतल्या कडेवर धातू तपासणाऱ्याकडून मिश्रण बघून घ्या. क्रोमियम १६ टक्क्यांच्या घरात दाखवलं तर ते स्टेनलेस. होझलचं भोकही मोजा. नामांकित कंपन्यांच्या ब्लेडमध्ये बहुतेक वेळा ०.३५५ इंचाचा निमुळता शाफ्ट असतो, नकलीत पुष्कळदा ०.३७०चा सरळ.

तिसरा प्रकार अर्धा खरा असतो. हेड अस्सल, पण गंज आणि खड्डे घासून पुन्हा क्रोम केलेलं, आणि विकलं जातं "न वापरलेलं" म्हणून. मुंबईच्या पावसाळ्यात मुलामा उडालेलं कार्बन पोलाद पटकन गंजतं, म्हणून असे संच आपल्याकडे फिरतात. घासताना प्रत्येक हेडचे काही ग्रॅम जातात, कोरलेली अक्षरं उथळ होतात, हेडच्या तोंडावरच्या खाचांच्या कडा गोल होतात. नख आडवं फिरवून बघा. खाच नखाला अडली पाहिजे. उलट, दहा वर्षं जुना म्हणून दाखवलेल्या मऊ पोलादाच्या संचावर बॅगेत आपटल्याचा एकही चरा नसेल, तर तेही संशयास्पद.

अनुक्रमांक असला म्हणजे माल खरा, असं नाही. एकच क्रमांक अनेक नकली संचांवर छापलेला सापडतो. तो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे पडताळा. नवा फोर्ज्ड संच लाखाच्या घरात जातो. सीलबंद संच पंचवीस हजारांत मिळत असेल तर "साहेब परदेशातून आले, घाईत विकतायत" या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. आगाऊ रक्कम देऊ नका. तपासणी कारागिरासमोर होईल, ही अट आधीच चॅटवर लिहून घ्या. जो टाळतो त्याचा संच घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. रक्कम खात्यात थांबवायची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. दुकानदाराने विकलं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग आहे. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं ट्रेडमार्क कायदा १९९९च्या कलम १०४खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार नोंदवेपर्यंत ग्रिप बदलू नका, शाफ्टवरची लेबलं काढू नका, तुटलेलं हेड धुऊ-पुसू नका. प्रत्येक क्लब काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढा आणि खोक्यावरची पावती व कुरिअरची चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवा.