रेडिओचा ड्रोन की धाग्याचा?

वाळूजच्या आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवण्याच्या कारखान्यात, सध्या एकच विषय आहे: लष्करी एफपीव्ही ड्रोनचे (कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर बघत उडवायच्या ड्रोनचे) सुटे भाग करायचे, तर रेडिओवाल्याचे की ऑप्टिकल फायबरवाल्याचे?

रेडिओचा ड्रोन हलका, स्वस्त, हवा तसा वळतो. पण शत्रूने जॅमर, म्हणजे रेडिओ सिग्नल दाबणारं यंत्र, लावला की स्क्रीनवर मुंग्या येतात आणि ड्रोन हातचा जातो. लक्ष्यावर खाली उतरताना, टेकाडाआडही सिग्नल तुटतो, तोही ऐन वेळी.

फायबरवाल्याचं तसं नाही. २०२४ पासून युक्रेनच्या युद्धात आधी रशियाने, मग युक्रेननेही तो मोठ्या प्रमाणावर वापरला. पोटाखालच्या रिळातून काचेचा बारीक धागा मागे सुटत जातो, संक्रांतीला चक्रीतून मांजा सुटतो तसा; फक्त इथे चक्री पतंगालाच बांधलेली. चित्र आणि आदेश धाग्यातून जातात, त्यामुळे जॅमर चालत नाही. रेडिओलहरी नसल्याने ड्रोन उडवणारा जवानही सहजासहजी हुडकता येत नाही. माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा मुद्दा, कारण जीव आपल्या पोराचा असतो.

उणिवाही आहेत. दहा किलोमीटरचं रीळ किलोभराच्या वर जातं, तेवढी स्फोटकं कमी. धागा बाभळीत अडकून तुटला की ड्रोन गेला.

दाट झाडीत रेडिओ ठीक. मोकळ्या रानात, वाळवंटात मी फायबरच निवडेन. रिळाची डबी प्लास्टिकची असते, पण तोंडाच्या कडेला जराशी बर (साच्यातून निघताना राहणारी धारदार कड) राहिली तरी धागा तुटू शकतो. असा बिनबरचा साचा आमची पोरं करू शकतात, म्हणून मी फायबरच्या बाजूने आहे.