‘लावून दाखवतो’ म्हणून विकलेला क्रँक सेन्सर

जुन्या गाडीसाठी क्रँक सेन्सर (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, कोणत्या स्थितीत आहे हे इंजिनाच्या संगणकाला कळवणारा भाग) शोधत फिरणाऱ्याला काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: “इलेक्ट्रिकलचा माल परत होत नाही, पण तुमच्यासमोर लावून दाखवतो.” पुष्कळ सुट्या भागांच्या बाबतीत हे बोलणे प्रामाणिक असते, कारण हेडलाइटचा बल्ब किंवा हॉर्न लावल्याबरोबर त्याचा खरेखोटेपणा कळतो. माझ्या बाबतीत मात्र याच आश्वासनाच्या आडून दुसऱ्या गाडीतून काढलेला, घासूनपुसून नव्या खोक्यात भरलेला सेन्सर नवा म्हणून विकला गेला. हा प्रकार इतक्या सहजपणे का साधतो, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या इतरांना कळावे म्हणून लिहीत आहे.

माझी गाडी 2007 सालची, कॉमन रेल डिझेल इंजिनाची आहे आणि ते मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात इंजिन चांगले तापले की ते एकाएकी बंद पडायचे, आणि बॉनेट उघडून अर्धा तास थांबले की जणू काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू व्हायचे. आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला, तेव्हा पी 0335 हा कोड आला. शिवाय इंजिन गरम असताना सेल्फ मारला तर स्टार्टर फिरत असूनही स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसत होते. क्रँकशाफ्टची स्थिती इंजिनाच्या संगणकाला कळत नाही, म्हणून तो इंधनच सोडत नाही, असा याचा अर्थ. निदान अचूक होते.

या सेन्सरची रचना साधी आहे. आत एक कायमचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, आणि समोर फ्लायव्हीलसोबत फिरणारे दातेरी चक्र. अनेक इंजिनांत या चक्रावर साठ दातांची जागा आखून त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, आणि ती मोकळी जागा समोरून गेली की संगणकाला क्रँकशाफ्ट नेमका कोठे आहे ते समजते. वर्षानुवर्षे तापून आणि निवून ती बारीक तार कोठेतरी तडकते. थंड असताना तडकलेली टोके एकमेकांना टेकलेली राहतात आणि सेन्सर व्यवस्थित चालतो; गरम झाल्यावर ती प्रसरणामुळे दुरावतात आणि इंजिन बंद पडते. म्हणजे निकामी होत आलेला सेन्सरही थंड इंजिनावर बहुधा पास होतो, आणि दुकानासमोर उभ्या गाडीला ‘लावून दाखवताना’ इंजिन नेमके तेवढे तापलेलेच नसते. विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते.

कंपनीच्या अधिकृत वितरकाने फोनवर तो क्रमांक आता येत नाही असे सांगितल्यामुळे सुट्या भागांच्या बाजारातून सेन्सर घेणे भाग होते. पुण्यात अशा बाजारासाठी नाना पेठ प्रसिद्ध आहे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणारी दुकाने पुष्कळ आहेत. मला भेटले ते दुकान त्यांपैकी नव्हते, इतकेच म्हणतो. दुकानदाराने आतून एका नामांकित जर्मन कंपनीचे नाव छापलेले खोके आणले, किंमत 3,200 रुपये सांगितली आणि “साहेब, कंपनीने बंद केलेला माल आहे, शेवटचे दोन पीस उरलेत,” असे म्हणत दुकानातल्या मुलाकडून तो तेथेच बसवून दिला. गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पक्के बिल हवे असल्यास किंमत वाढेल असे सांगून त्याने ‘एस्टिमेट’ असे छापलेल्या कागदावर रक्कम लिहून दिली आणि पैसे यूपीआयने घेतले. ते खाते दुकानाच्या नावाचे नसून कोणा व्यक्तीच्या नावाचे होते. जाताना त्याने माझा जुना सेन्सर ठेवून घेतला व त्यापोटी पन्नास रुपये कमी केले. त्या वेळी तो मला त्याचा मोठेपणा वाटला.

शहरात गाडी उत्तम चालली. पुढच्या लांबच्या प्रवासात शिरवळच्या पुढे तीच लक्षणे पुन्हा दिसली आणि मिस्त्रींनी सेन्सर काढून उजेडात धरला, तेव्हा सगळे स्पष्ट झाले. बोल्टच्या भोकाभोवती पूर्वी आवळलेल्या वॉशरची गोल खूण होती. रबरी रिंग नवी होती, पण तिच्या खाचेत जुन्या तेलाचा काळा थर बसलेला होता. वायर मध्येच कापून नवीन कपलरला सोल्डरने जोडली होती आणि तो जोड काळ्या स्लीव्हखाली झाकला होता. बाहेरचा काळा रंग नखाने खरवडल्यावर खाली भलताच कोरीव क्रमांक निघाला, म्हणजे तो सेन्सर मुळात दुसऱ्याच गाडीचा होता. खोक्यावर तर किमतीच्या स्टिकरखाली आणखी एक स्टिकर होते, आणि उत्पादक किंवा आयातदार यांचा पत्ता, महिना व वर्ष, तक्रारीसाठी संपर्क यांतले काहीही छापलेले नव्हते. वेष्टनबंद मालासंबंधीच्या 2011 च्या वैधमापन नियमांनुसार हा तपशील खोक्यावर असावाच लागतो, त्यामुळे त्याचा अभाव हीच पहिली धोक्याची खूण समजावी.

दुकानदाराने ऐकून घेतले आणि गाडीचे वायरिंग खराब असल्यामुळे सेन्सर जळाला, असे ठरलेले उत्तर दिले. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे, कारण दोन तारांचा असा सेन्सर स्वतःच वीज निर्माण करतो, त्याला गाडीतून वीजपुरवठा होतच नाही. मिस्त्रींनी हे त्याला समजावल्यावर त्याने पैसे परत करण्याऐवजी दुसरा पीस देऊ केला, आणि त्यावरही वॉशरची तशीच खूण होती.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. नोटिशीला उत्तर आले नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, ती दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. माझ्याजवळ पक्के बिल नसले तरी एस्टिमेटचा कागद, यूपीआयची नोंद, खोके, खरवडलेला सेन्सर आणि मिस्त्रींचे लेखी निवेदन आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी बिलाचाच आग्रह धरावा आणि त्यावरील पंधरा अंकाक्षरांचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर दुकानाच्या नावाशी ताडून पाहावा.

दोन तारांचा सेन्सर विकत घेण्यापूर्वी तपासण्याची एक पद्धत मिस्त्रींनी दाखवली, ती दुकानातल्या कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा भरवशाची आहे. मल्टिमीटरने दोन्ही पिनांमधला रोध मोजावा, मग सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून दहा मिनिटे गरम पाण्यात धरावा आणि पुन्हा मोजावे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो; म्हणून थंड असताना 900 ओहम दाखवणारा सेन्सर साठ अंशांनी तापल्यावर साधारण 1,100 ओहम दाखवील, आणि वाढ संथपणे होईल. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटरने तारच तुटल्याचे दाखवले, तर तो माल तेथेच परत द्यावा. जो दुकानदार एवढ्या तपासणीला नकार देतो, त्याच्याकडून घेऊच नये असे माझे मत झाले आहे. तीन तारांच्या हॉल प्रकारच्या सेन्सरला मात्र ही चाचणी लागू पडत नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि ओहममध्ये मोजून त्याची परीक्षा होत नाही.

खरा सेन्सर शेवटी अधिकृत वितरकाकडेच मिळाला, हे सांगायला हवे. जुना क्रमांक बंद झाला होता, पण त्याच्या जागी कंपनीने नवा क्रमांक दिला होता, आणि नोंदणी प्रमाणपत्रावरील सतरा अंकाक्षरांचा चॅसिस क्रमांक काउंटरवरच्या संगणकात टाकताच तो समोर आला. फोनवर विचारताना केवळ जुना पार्ट नंबर सांगितला की ‘येत नाही’ हे उत्तर मिळते, आणि बाजारातल्या ‘शेवटच्या दोन पीस’ना गिऱ्हाईक मिळते.

पन्नास रुपयांना दिलेला माझा सेन्सरही अशाच एखाद्या खोक्यात गेला असणार. मिस्त्री आता गाडीतून काढलेला प्रत्येक सेन्सर ग्राहकासमोर मुळापासून वायर कापून, वरचा कोरीव क्रमांक घासून टाकून मगच भंगारात देतात.