बी.फार्म. करताना अर्धवेळ काम : ठोक बाजार की मेडिकलचे काउंटर?

नागपुरात बी.फार्म. म्हणजे औषधनिर्माणशास्त्राची पदवी करताना खर्चासाठी काम शोधणाऱ्या विद्यार्थ्यासमोर बहुधा दोन वाटा असतात. एक म्हणजे गांधीबागेत औषधांच्या ठोक व्यापाऱ्याकडे बिलिंग करणे आणि माल काढून देणे. दुसरी म्हणजे धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकल चौकाच्या परिसरातील एखाद्या मेडिकलमध्ये संध्याकाळी काउंटरवर उभे राहणे. मी दोन्ही कामे केली आहेत. ज्यांची शाळा मराठीतून झाली, ज्यांच्या बोलण्यात मराठीइतकीच हिंदी आहे आणि ज्यांना आता सगळा अभ्यासक्रम इंग्रजीतून पेलायचा आहे, अशा विद्यार्थ्यांना माझ्या अनुभवाचा काही उपयोग व्हावा, असे मनापासून वाटते.

दोन्ही कामांना एक मर्यादा सारखीच लागू आहे. फार्मसी कौन्सिलच्या नियमानुसार प्रत्येक विषयात ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते आणि ती तासिका व प्रात्यक्षिके यांसाठी वेगवेगळी मोजली जाते. त्यामुळे दुपारच्या प्रात्यक्षिकांवर पाणी सोडून काम करण्याचा विचार मनात आणू नये. हाती उरते ती संध्याकाळच.

ठोक बाजाराच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. मला तेथे पैसे थोडे अधिक मिळत होते, दुकान ठरल्या वेळी बंद होत असे आणि रविवार मोकळा असे. एकाच रेणूची, म्हणजे एकाच मूळ औषधाची, किती कंपन्यांची किती नावे बाजारात आहेत, इन्सुलिनसारखा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागणारा माल उन्हाळ्यात कसा बांधून पाठवतात, या गोष्टी वर्गात इतक्या जवळून पाहायला मिळत नाहीत. पुढे स्वतःची एजन्सी काढण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही जागा कदाचित अधिक योग्य ठरेल.

माझा निर्णय मात्र एका गोष्टीने झाला, आणि ती गोष्ट म्हणजे एक्सपायरीचा माल. मुदत संपलेल्या औषधांची खोकी किरकोळ दुकानदारांकडून परत येतात आणि ती कंपनीनिहाय लावून, प्रत्येक पट्टीचा बॅच क्रमांक, मुदतीचा महिना व किंमत पाहून यादी करावी लागते. हे काम साहजिकच संध्याकाळी येणाऱ्या अर्धवेळ मुलाकडे सोपवले जाते. बॅच क्रमांक चकचकीत फॉइलच्या कडेला बारीक अक्षरांत उमटवलेला असतो, आणि गोळ्या सुट्या विकताना पट्टी कापली गेली असेल तर अर्धे आकडे कात्रीबरोबरच गेलेले असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात पट्ट्या तिरप्या धरून ते आकडे वाचता वाचता डोळे इतके शिणत, की घरी आल्यावर औषधशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडले तरी ओळी स्थिर राहत नसत. काम अवघड होते असे नाही. पण ज्या डोळ्यांनी रात्री अभ्यास करायचा, तेच डोळे हे काम आधी वापरून टाकत असे, आणि त्यातून हाती येणारी माहिती कोणत्याही प्रश्नपत्रिकेत किंवा रुग्णासमोर उपयोगी पडणारी नव्हती.

काउंटरवर पाय दुखतात, पण डोके जागे राहते. मेडिकल चौकाच्या परिसरात गडचिरोली-गोंदियाकडचे रुग्ण येतात, तसेच मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाडा, सिवनीकडचेही येतात. त्यामुळे एकच सूचना एका आजीला मराठीत आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या भैयाला हिंदीत सांगावी लागते. डॉक्सिसायक्लीनची कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होऊ शकते, हे फार्मासिस्टच्या सांगण्यावरून मी दोन्ही भाषांत इतक्यांदा समजावले, की परीक्षेत तेच कारण इंग्रजीत लिहिताना पाठांतराची गरज भासली नाही. शेड्यूल एच-१ ची, म्हणजे ज्यांची प्रत्येक विक्री लिहून ठेवावी लागते अशा औषधांची, नोंदवही भरतानाही असेच होई. सेफिक्सिम, ट्रामाडोल, अल्प्राझोलाम यांच्यासमोर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि दिलेले प्रमाण लिहिताना औषधांचे गट आपोआप मनात बसत गेले. दोन भाषा बोलता येणे हे वर्गात मला ओझ्यासारखे वाटत असे. काउंटरवर त्याच दोन भाषांमुळे मला काम मिळाले आणि टिकले.

या कामातही त्रास आहे. डॉक्टरांची ओपीडी लांबली की दुकानही लांबते, आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणताना कस लागतो. शिवाय एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे, विद्यार्थ्याचा नाही. ज्या दुकानात केवळ परवाना भिंतीवर आहे आणि फार्मासिस्ट प्रत्यक्षात बसत नाही, तेथे कितीही पैसे मिळाले तरी जाऊ नये. कायद्याची बाब तर आहेच, पण तेथे चुका दाखवून देणारे कोणीही नसते.

पैशांची निकड मोठी असेल तर ठोक बाजारालाच प्राधान्य द्यावे लागेल, हे मी समजू शकतो. तसे नसेल, तर थोडे कमी पैसे स्वीकारून फार्मासिस्ट हजर असलेले काउंटर शोधावे आणि सत्र परीक्षेच्या काळातील सुट्टी आधीच ठरवून घ्यावी, असे मी सुचवेन. गांधीबागेतच जायचे ठरले, तर एक्सपायरीचे काम आठवड्यातल्या किती संध्याकाळी करावे लागेल, हे पगाराचे बोलणे होण्यापूर्वी मालकांना विचारावे.