नांदूर मध्यमेश्वरच्या गरुड-फेऱ्या: एका हिवाळ्याचा अनुभव

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गरुड आणि इतर शिकारी पक्षी बघायला सहा फेऱ्या झाल्या. पाच वेळा बाबा बरोबर होते. नाशिकच्याच एका ग्रुपबरोबर जायचो. पहाटे पाचला गाडी निघायची आणि चांदोरी, सायखेडा करत उजाडता उजाडता चापडगावला पोचायची. माणशी बाराशे, त्यात गाडी, चहा-पोहे आणि गावातला गाईड. ओळखीचे लोक विचारतात पैसे वसूल होतात का, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या फेरीत मी आकाशात जे दिसेल त्याला गरुड म्हणत होते. बहुतेक घारी निघाल्या. शेपटीला खाच दिसली की घार, हा गाईडचा पहिला धडा. दुसरा मला जास्त आवडला. "ताई, वर नका बघू. वारकऱ्यांकडं बघा." वारकरी म्हणजे काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी. इथे ते शेकड्यांनी असतात. विखरून चरणारे वारकरी एकाएकी एकमेकांना चिकटायला लागले, पाण्यावर काळी गोधडी अंथरावी तसे. मग पाणकणसांना जवळजवळ घासत, पंख किंचित वर धरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला. हा खरा गरुड नव्हे, पण या पाण्यावर रोजचा दरारा त्याचाच. तेव्हापासून वारकरी गोळा व्हायला लागले की बाबा न बोलता माझा दंड दाबायचे.

तिसऱ्या फेरीत मीनखाई घार भेटली, इंग्रजीतली ऑस्प्रे. पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर बसली होती, पायाखाली मासा, त्याची शेपटी अजून हलत होती. गाईडने स्पॉटिंग स्कोप (तिकाटण्यावरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण) लावून दिला तेव्हा तिच्या डोळ्याचा पिवळा रंगसुद्धा स्पष्ट दिसला. तिचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढे, दोन मागे अशी पकड बसते. तळव्यालाही बारीक काटे असतात, बुळबुळीत मासा सुटत नाही. बाबा स्कोपला डोळा लावून बसले ते उठेनात. चाळीस मिनिटं आम्ही त्याच जागी होतो आणि गाईडने एकदाही "चला, पुढे" म्हटलं नाही. माझ्या लेखी बाराशे तिथेच वसूल झाले.

तक्रार एकच, पण मोठी. डिसेंबरच्या सुट्टीत बारा जण सांगून सत्तावीस आणले. स्कोप एकच. दोघे फोटोसाठी थेट काठाच्या चिखलात उतरले आणि समोरचे पक्षी उठून गेले. मी आयोजकांना स्पष्ट लिहिलं. जानेवारीपासून बाराच जण आले, हेही सांगायला हवं. तुम्ही जाल तेव्हा आकडा आधीच विचारा.

आणखी एक विचारा: आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, कधी आहे? हे पाणी बंधाऱ्याचं आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर 1911 साली दगडी बंधारा झाला, मागे वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यातून ही उथळ पाणथळ तयार झाली. 1986 साली अभयारण्य आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून घोषणा, पण पाण्याची पातळी अजून आवर्तनाप्रमाणे हलते. आमच्या पाचव्या फेरीला पाणी इतकं हटलं होतं की पक्षी दुर्बिणीतही ठिपक्यांएवढे दिसत होते.

थंडीला हलक्यात घेऊ नका, हा निफाड तालुका आहे. कानटोपी, हातमोजे हवेतच. निरीक्षण मनोऱ्याचे जिने बाबांच्या गुडघ्यांना जड गेले, पण खालूनही भरपूर दिसतं.

सहाव्या फेरीला बाबा आले नाहीत. त्याच दिवशी बुटेड गरुड दिसला. अंग पांढरं, पंखांची कड काळी आणि समोरून आला की मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके, गाडीचे दिवे लावल्यासारखे. मी लगेच फोन केला.

"वारकरी गोळा झाले होते का?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, तो पाण्यावर नव्हताच. परतताना दिसला, द्राक्षबागेवर."