स्क्रीन काळी पडली आणि जीवात जीव आला: हिप्सियस सिंज, दोन महिने वापरून

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या आजोबांच्या तळघरात ‘ड्रॅगन्स लेअर’ या कार्टून व्हिडिओ गेमचं १९८३ सालचं मूळ मशीन आहे, आत पायोनियरचा एलडी-व्ही१००० प्लेअर, म्हणजे डिस्कवरचा व्हिडिओ लेझरने वाचणारं यंत्र. त्यातली गॅसची लेझर-नळी आता थकलीय, म्हणून मशीन वर्षातून एक-दोनदाच सुरू होतं. एरवीसाठी मी घरी हिप्सियस सिंज टाकलं. हा एम्युलेटर, म्हणजे असे जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम; मॅट ओनबी यांच्या डॅफ्ने एम्युलेटरचा वारसदार, आणि फुकट.

पहिल्या दिवशी हिरमोड झाला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत, पण खेळाचा नायक डर्क मेला रे मेला की पुढचा प्रसंग हजर! मूळ मशीनवर असं होत नाही. तिथे डिस्क मिनिटाला १८०० फेरे घेते, एका फेऱ्यात एक फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र), एका बाजूवर ५४,००० फ्रेम. बोर्डावरचा झेड८० प्रोसेसर प्लेअरला नुसता फ्रेमचा नंबर सांगतो आणि वाट बघत बसतो. लेझर तिथवर सरकेपर्यंत स्क्रीन काळी. कुठली खोली येणार ठाऊक नसतं, जॉयस्टिकवरची मूठ आपोआप आवळते. माझ्या मते अर्धा खेळ त्या काळोखातच आहे.

मग सेटिंग सापडली. दोन आकडे द्यायचे: कमीत कमी किती मिलिसेकंद थांबायचं, आणि एका मिलिसेकंदात किती फ्रेम ओलांडायच्या. त्यामुळे लांबच्या उडीला जास्त वेळ लागतो, जवळच्या उडीला कमी. तेवढ्या वेळात स्क्रीन काळी करायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, तो विसरू नका. आजोबांच्या मशीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला होता. तो शेजारी लावून आकडे जुळवण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी स्क्रीन काळी पडली आणि माझी मूठ आवळली. तेव्हा पटलं, जमलं!

तक्रारी आहेतच. सगळं कमांड लाइनवर. रॉम (गेमचा मूळ प्रोग्रॅम) आणि व्हिडिओ आपले आपण आणायचे, आणि कुठला व्हिडिओ कितव्या फ्रेमपासून ते सांगणाऱ्या फ्रेम-फाइलमध्ये एक आकडा चुकला की प्रसंग भलत्याच जागी सुरू होतो. नवख्याला पहिला आठवडा जड जाईल. तरी पाचपैकी साडेचार तारे.

अर्धा कापला तो आवाजासाठी. लेझर सरकताना मशीनच्या पोटातून येणारी ती घरघर माझ्या सेटअपमध्ये नाही. पुढच्या वेळी मशीन सुरू होईल तेव्हा मागचं दार उघडून आत माइक ठेवू का, असं आजोबांना विचारून ठेवलंय. ते हो म्हणालेत.