घरातला मॅग्नेटिक लूप: वळिवापासून संक्रांतीपर्यंत

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचं, लायसन्स आहे, पण गच्ची मिळत नाही, अशांनी खोलीत ठेवायचा मॅग्नेटिक लूप, म्हणजे तांब्याच्या कड्याचा छोटा अँटेना, करावा का? करावा. तो लांब पोचतो ही गोष्ट दुय्यम आहे, आजूबाजूचा गोंगाट तो कमी ऐकतो हा त्याचा खरा गुण.

मी बेळगावात वडगावला दुसऱ्या मजल्यावर राहतो. २० मीटर बँडच्या (१४ मेगाहर्ट्झ) साध्या डायपोलला, म्हणजे मधोमध जोडलेल्या तारेच्या अँटेनाला, सरळ १० मीटर तार लागते आणि आमच्या सोसायटीला गच्चीवर तार नको आहे. म्हणून आधी हॉलच्या भिंतींवरून वाकवून तार फिरवली होती. रेडिओ लावला की एस-मीटर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा काटा, गोंगाटानेच सातावर चिकटलेला: एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, आणि गल्लीतले यंत्रमाग चालू-बंद होताना कडकड वेगळीच. गंमत म्हणजे आपला सिग्नल कुठे ऐकू गेला ते दाखवणाऱ्या पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर बघितलं तर माझे ५ वॉट जपानपर्यंत ऐकू जात होते. तिकडचं उत्तर मात्र माझ्याच घरच्या दिव्यांखाली गाडलं जायचं.

लूप घरीच केला. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून पाच सुताची तांब्याची नळी अडीच मीटर घेतली, ८० सेंटिमीटर व्यासाचं कडं वाकवलं. टोकांना जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला दोन सेक्शनचा गँग, म्हणजे फिरवून ट्यून करायचा कपॅसिटर. दोन्ही सेक्शन सिरीजमध्ये जोडले की प्रवाह फिरत्या दांड्याच्या घासत्या कॉन्टॅक्टमधून जात नाही, आणि इथे तेवढासा रोधही परवडत नाही. कारण १४ मेगाहर्ट्झवर एवढ्या कड्याचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या पॉवरचं माप दाखवणारा रोध, एक दशांश ओहमच्याही खाली असतो. सांधा जरा कच्चा राहिला की पॉवर तिथेच उष्णता होऊन जाते. सगळे सांधे डागून घ्या, नटबोल्टवर भागवू नका. आत फीडसाठी, म्हणजे रेडिओची केबल जोडायला, मुख्य कड्याच्या एक पंचमांश व्यासाचं छोटं कडं, बस्स.

५ वॉटवरसुद्धा गँगच्या पट्ट्यांमध्ये हजार व्होल्टच्या घरात दाब चढतो. एका रात्री दिवा मालवून पॉवर १० वॉटवर नेली, तर पट्ट्यांच्या कडेला निळी ठिणगी तडतडली आणि एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा) काटा उड्या मारायला लागला. तेव्हापासून पाचच्या वर जात नाही. गँगला लांब प्लास्टिकची दांडी जोडली आहे, कारण हात जवळ नेला तरी ट्यूनिंग सरकतं. शिवाय ट्रान्समिट करताना कड्याला खेटून बसूच नये. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ तर हे प्रकरण अजिबात नको.

ट्यूनिंगचा कंटाळा हा याचा सर्वांत मोठा दोष. २० मीटरवर दहा-वीस किलोहर्ट्झ सरकलं की पुन्हा दांडी फिरवा. बँडभर भटकणाऱ्या माणसाला वैताग येईल. एफटी-८ वर, म्हणजे कॉम्प्युटरवरून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीवर, मात्र एकदा १४.०७४ ला लावलं की काम झालं. जो टेलर, ज्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं आहे, आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांनी चालते आणि कानाला अजिबात न जाणवणारा, गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा सिग्नलही उकलते. घरातल्या अँटेनावाल्यांना तर हे वरदानच. लॅपटॉपचं घड्याळ तेवढं नेटशी जुळवून ठेवा. एक-दोन सेकंद मागेपुढे झालं की डीकोड, म्हणजे संदेश उकलणं, बंद.

आता गोंगाटाचं. उभं कडं आपल्या प्रतलाच्या, म्हणजे कडेच्या, दिशेने ऐकतं आणि काटकोनात बहिरं होतं. हळूहळू फिरवत गेलं की एका ठिकाणी इन्व्हर्टरची घरघर एकदम बसते. कोॲक्सवर (रेडिओ ते अँटेना केबलवर) आणि लॅपटॉपच्या वायरीवर गोंगाट अडवणाऱ्या फेराइट रिंगा चढवल्यावर माझा मीटर तीनावर आला. नशिबाने घरघर बसते ती कड्याची दिशा वायव्य-आग्नेय निघाली. एकीकडे युरोप, दुसरीकडे इंडोनेशिया-ऑस्ट्रेलिया. इटली, जर्मनी, रशिया नेहमीचे झाले आहेत. जपानला मात्र कडं वळवावं लागतं आणि घरघर सोसावी लागते. लाईट गेली की घरात चिडचिड होते, मी रेडिओ बॅटरीवर लावून हेडफोन चढवतो. तेवढा निवांत बँड एरवी मिळत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा खिडकीतून विचारलं, ‘काय ओ, त्या कड्यानं आमच्या टीव्हीला काय होत नाही न्हवं?’ आजवर तरी काही झालेलं नाही.

१० मीटर बँडवर (२८ मेगाहर्ट्झ) हेच कडं वेगळं वागतं. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की रेडिएशन रेझिस्टन्स सोळा पट होतो, त्यामुळे २८.०७४ ला गँग जवळजवळ पूर्ण उघडा ठेवला की ५ वॉट बऱ्यापैकी बाहेर पडतात. सध्याच्या २५व्या सौरचक्राचा, म्हणजे सूर्यावरच्या डागांच्या चढउताराचा, हातभारही आहेच. त्याची उतरती कळा वाढत गेली की हा बँड असा उघडा राहणार नाही, हे लूप करणाऱ्याने धरून चालावं. आवाजी बोलणं, म्हणजे एसएसबी, मात्र ५ वॉटवर फारसं जमलं नाही. आखातातलं एखादं तगडं स्टेशन तेवढं उत्तर देतं.

खानापूरकडे सासुरवाडीला कौलारू घर आहे. तिथे माळ्यावर साधी १० मीटरची तार ताणली, तर २० मीटरला लूपपेक्षा सरस निघाली. कौलांतून सिग्नल सहज जातो आणि आसपास चार्जरही कमी. आमच्या स्लॅबमधल्या सळ्या किंवा पत्र्याचं छप्पर, दोन्हीपेक्षा कौलं बरी. ज्यांच्याकडे असा माळा आहे त्यांनी लूपच्या नादी लागू नये.

४० मीटर बँड (७ मेगाहर्ट्झ) हवा असेल तर या मापाचं कडं विसरा. माझा गँग पूर्ण मिटला तरी ७ मेगाहर्ट्झला पोचत नाही. जादा कपॅसिटर लावून पोचवला, तरी शंभरातले पाच-सहा भागच बाहेर पडतील. या बँडवरची सकाळची आपल्याकडच्या हॅम लोकांची बोलणी मी अजून भिंतीवरच्या त्या जुन्या तारेवर ऐकतो, दिवे बंद करून.