विद्यमान अमेरिकी अध्यक्ष पुन्हा जिंकणार का? कोणत्या अंदाजावर कधी विसंबावे

अमेरिकेचा अध्यक्ष दुसऱ्या कारकिर्दीसाठी उभा राहिला की वर्षभर आधीपासून अंदाजांचा पूर येतो. कोणी बेरोजगारीचा आकडा पुढे करतो, कोणी इतिहासाचे दाखले देतो, कोणी पैजांच्या बाजारातला भाव दाखवतो. त्यांतला एक निवडून त्यावर लेख, अभ्यास किंवा पैशाचा निर्णय उभा करायचा असेल, तर आधी मतदानाला किती महिने उरलेत ते पाहा. माझा कौल सुरुवातीलाच सांगतो. मतदान नोव्हेंबरमध्ये असते; त्याआधी जून-जुलैमध्ये अध्यक्षाच्या कामाला किती लोकांची पसंती आहे ते बघावे आणि सप्टेंबरपासून निर्णायक राज्यांतल्या जनमत चाचण्या बघाव्यात. बाकीच्या पद्धती या दोघींच्या मागे उभ्या राहतात. का, ते पाहू.

इतिहास काय सांगतो

'पदावरचा अध्यक्ष सहसा जिंकतो' हे वाक्य खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पदावर असलेले अध्यक्ष बारा वेळा मतदारांसमोर गेले. त्यांतले आठ जिंकले आणि चार हरले: १९७६ मध्ये फोर्ड, १९८० मध्ये कार्टर, १९९२ मध्ये थोरले बुश, २०२० मध्ये ट्रम्प. पण बारा उदाहरणे म्हणजे किती? एवढ्याशा आकड्यांवरून ठाम नियम काढणे धोक्याचे असते. शिवाय ज्यांनी पराभवाची चाहूल लागताच माघार घेतली ते या हिशेबात येतच नाहीत. १९५२ मध्ये ट्रुमन, १९६८ मध्ये जॉन्सन आणि २०२४ मध्ये बायडन यांनी निवडणुकीच्या वर्षातच मैदान सोडले. त्यांना धरले तर 'सहसा जिंकतो' हे म्हणणे बरेच सैल पडते.

इतिहासातला एक धागा मात्र मला जास्त मोलाचा वाटतो. अध्यक्षाच्या पक्षाकडे व्हाइट हाउस किती काळ आहे? १९०० पासून पाहिले तर पक्षाची पहिलीच चार वर्षे पूर्ण करून उभे राहिलेले आणि तरीही हरलेले अध्यक्ष दोनच, कार्टर आणि ट्रम्प. टाफ्ट, हूवर, फोर्ड आणि थोरले बुश हरले तेव्हा त्यांचा पक्ष आठ किंवा त्याहून अधिक वर्षे सत्तेत होता. मतदार माणसाला कंटाळतात त्याहून पक्षाला जास्त कंटाळतात, असे यावरून दिसते.

दुसरी खूण म्हणजे घरातलेच आव्हान. १९१२ मध्ये टाफ्ट यांच्याविरुद्ध थिओडोर रूझवेल्ट, १९७६ मध्ये फोर्ड यांच्याविरुद्ध रेगन, १९८० मध्ये कार्टर यांच्याविरुद्ध टेड केनेडी, १९९२ मध्ये बुश यांच्याविरुद्ध ब्युकॅनन उभे राहिले. चौघेही अध्यक्ष नोव्हेंबरमध्ये हरले. पण ही खूण उलट्या बाजूने वाचू नका. २०२० मध्ये ट्रम्प यांना पक्षात कोणी गंभीर टक्कर दिली नव्हती, तरी ते हरले.

मतदानाला वर्षभर असताना हाताशी एवढेच असते. एवढ्यावर 'जिंकणार' असा कौल देणाऱ्याकडे साशंकतेनेच पाहावे.

पसंती की अर्थव्यवस्था

खरी लढत या दोघींत आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

गॅलप संस्था दशकानुदशके एक साधा प्रश्न विचारत आली: अध्यक्ष ज्या रीतीने काम करत आहेत ते तुम्हाला पसंत आहे का? मतदानाआधीच्या शेवटच्या चाचणीत मिळालेली पसंती आणि प्रत्यक्ष पडलेली मते शेजारी ठेवली की चित्र असे दिसते. आकडे जवळच्या पूर्णांकात आहेत.

| वर्ष | अध्यक्ष | पसंती (टक्के) | मते (टक्के) | निकाल |
|---|---|---|---|---|
| १९८० | कार्टर | ३७ | ४१ | पराभव |
| १९८४ | रेगन | ५८ | ५९ | विजय |
| १९९२ | थोरले बुश | ३४ | ३७ | पराभव |
| १९९६ | क्लिंटन | ५४ | ४९ | विजय |
| २००४ | धाकटे बुश | ४८ | ५१ | विजय |
| २०१२ | ओबामा | ५२ | ५१ | विजय |
| २०२० | ट्रम्प | ४६ | ४७ | पराभव |

क्लिंटन यांच्या ओळीतली तफावत रॉस पेरो यांच्या तिसऱ्या उमेदवारीमुळे. बाकीच्या ओळी किती जवळ जातात ते पाहा. फेरनिवडीच्या लढतीत लोक आधी पदावरच्या माणसाचा निकाल लावतात आणि मग समोरच्याकडे वळतात, म्हणूनच हे आकडे जुळतात. अठ्ठेचाळीसच्या आसपास खरी धाकधूक असते. त्याखाली वाट बिकट, पन्नासच्या वर बऱ्यापैकी सुरक्षित. ठळक अपवाद ट्रुमन यांचा. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांची पसंती चाळीसच्या आसपास होती आणि तरी ते जिंकले.

पसंतीचा मोठा दोष हा की लवकर बघितली तर ती दगा देते. आखाती युद्धानंतर, मार्च १९९१ च्या सुमारास, थोरल्या बुश यांना ८९ टक्के पसंती होती. वीस महिन्यांनी त्यांना ३७ टक्के मते पडली. उलट जानेवारी १९८३ मध्ये रेगन ३५ टक्क्यांवर होते आणि पुढच्या वर्षी त्यांनी ४९ राज्ये जिंकली. तेहरानमध्ये अमेरिकी ओलीस धरले गेले तेव्हा सुरुवातीला कार्टर यांची पसंती एकदम उसळली होती, तीही काही महिन्यांत ओसरली. म्हणून निवडणुकीच्या वर्षातल्या जूनआधीचा आकडा मी हिशेबात धरत नाही.

आता अर्थव्यवस्था. येल विद्यापीठाचे रे फेअर १९७० च्या दशकापासून विकासदर आणि महागाई यांवरून मतांची टक्केवारी काढत आले आहेत. या पद्धतीत भावनेला जागा नाही आणि उत्तर लवकर मिळते, हे तिचे बळ. १९९२ मध्ये मात्र तिने बुश जिंकतील असे सांगितले. आकड्यांनुसार मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती, पण ती संपल्याची अधिकृत नोंद जाहीर झाली डिसेंबर १९९२ मध्ये, म्हणजे मतदान उरकल्यावर. बेरोजगारी तर १९९२ च्या उन्हाळ्यातही वाढत होती. मतदाराने घरचा अनुभव धरला, आणि तो अनुभव पसंतीच्या आकड्यात आधीच उतरला होता.

२०२० ने तर या सूत्रांची दैनाच केली. वार्षिक दराने मोजले तर दुसऱ्या तिमाहीत अर्थव्यवस्था सुमारे ३० टक्क्यांनी घसरली आणि तिसऱ्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून अधिक वाढली. असे आकडे सूत्रात घातले की दुसऱ्या तिमाहीतून निघणारा निकाल आणि तिसरीतून निघणारा निकाल यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक ॲलन अब्रामोविट्झ यांचे जुने सूत्र जूनअखेरची पसंती, दुसऱ्या तिमाहीचा विकासदर आणि सत्तेचा काळ अशा तीन गोष्टींवर उभे होते. महासाथीच्या त्या वर्षी त्यांनी विकासदर बाजूला ठेवून पसंतीवर भर दिला, आणि ट्रम्प हरतील हा त्यांचा अंदाज खरा ठरला. दोघींतली एकच निवडायची झाली तर कोणती, याचे उत्तर मला इथेच मिळते.

तेरा किल्ल्या

इतिहासकार ॲलन लिच्टमन यांनी १९८१ मध्ये भूकंपशास्त्रज्ञ व्लादिमीर केलिस-बोरोक यांच्यासोबत ही पद्धत बांधली. तेरा होय-नाही विधाने, त्यांतली सहा किंवा अधिक खोटी ठरली तर सत्ताधारी पक्ष हरतो. पदावरचा अध्यक्ष रिंगणात असताना तिची कामगिरी उत्तम आहे: १९८४, १९९२, १९९६, २००४, २०१२, २०२० हे सगळे अंदाज बरोबर आले. २०२४ मध्ये हॅरिस जिंकतील हे मात्र चुकले. माझी अडचण वेगळी आहे. उमेदवार प्रभावी व्यक्तिमत्त्वाचा आहे का, परराष्ट्र धोरणात मोठे अपयश आले का, याचे उत्तर दोन जाणती माणसे दोन तऱ्हांनी देतील. काय काय तपासायचे याची यादी म्हणून ती जरूर वापरा.

चाचण्या आणि पैजा

चाचण्यांची बदनामी जुनी आहे. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे भाकीत केले. लँडन यांना मिळाली फक्त दोन राज्ये. १९४८ मध्ये चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या गेल्या आणि ट्रुमन यांची शेवटची मुसंडी कोणाला दिसलीच नाही. १९८० मध्ये शेवटच्या आठवड्यात वारे फिरले. रेगन यांची थोडी आघाडी दिसत होती, ते जवळपास दहा टक्क्यांनी जिंकले.

तरीही अखेरच्या दोन महिन्यांत चाचण्यांइतके जवळचे दुसरे काही नाही, फक्त त्या राज्यांच्या हव्यात. निकाल राज्याराज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांतल्या २७० वर ठरतो, आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मते मिळतात. २०२० मध्ये बायडन देशभरात सत्तर लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची एकत्रित आघाडी होती ४३ हजारांहूनही कमी. ती फिरली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. त्याच वर्षी विस्कॉन्सिनच्या चाचण्यांची सरासरी बायडन यांना आठ टक्क्यांच्या आसपास पुढे दाखवत होती, प्रत्यक्ष फरक एक टक्काही नव्हता. म्हणून राज्यातली आघाडी चार-पाच टक्क्यांच्या आत असेल तर तिला बरोबरी समजा.

पैजांचे बाजार मला याहून कमी भरवशाचे वाटतात. आयोवा विद्यापीठाचा बाजार १९८८ पासून चालू आहे आणि अभ्यासासाठी चांगला आहे. पण २०१२ मध्ये इंट्रेड या बाजारात एकाच मोठ्या खेळाडूच्या पैशाने ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांचा भाव वर राहिला होता, आणि २०२० मध्ये मतमोजणीचा कल स्पष्ट झाल्यावरही काही ठिकाणी ट्रम्प यांच्या विजयावर पैसे लागत होते. भाव अचानक हलला तर बातमी शोधायला लागा, इतकाच त्याचा उपयोग.

अंदाज एकमेकांशी भांडतात तेव्हा

२०१२ सारखे वर्ष समोर आले तर काय कराल? बेरोजगारी आठ टक्क्यांच्या आसपास होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यानंतर ७.२ टक्क्यांहून अधिक बेरोजगारी असताना कोणी अध्यक्ष फेरनिवडून आलेला नाही, हे तेव्हा सर्वत्र ऐकू येई. गॅलपची देशव्यापी चाचणी शेवटपर्यंत रॉम्नी यांना पुढे दाखवत होती. दुसऱ्या बाजूला पसंती पन्नासच्या वर होती आणि ओहायोसारख्या राज्यांतल्या चाचण्यांची सरासरी ओबामांकडे झुकलेली होती. ओबामा ३३२ इलेक्टोरल मते मिळवून जिंकले. पसंती आणि राज्यांच्या चाचण्या एका बाजूला असतील तर मी त्याच बाजूला जातो. त्या दोघींतच फूट पडली तर उत्तर 'सांगता येत नाही' असेच द्यावे, आणि त्यावर मोठी रक्कम किंवा मोठा मथळा लावू नये.

२०२८ साठी यातले पहिले निम्मे बाजूला ठेवा. घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीनुसार ट्रम्प पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, आणि पदावरचा माणूस रिंगणात नसला की पसंतीचा धागा बराच पातळ होतो. त्या निवडणुकीत राज्यांच्या चाचण्यांवर जास्त भार टाकावा लागेल, तोही सप्टेंबर उजाडल्यावरच.